हिंडलग्यातून सुटल्यावर पहिल्या महिन्यात कुठली कामं आधी उरकायची?

मलप्रभाकाठ

गावातला एकजण पुढच्या महिन्यात बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या सेंट्रल जेलमधून सुटतोय. वय ३६, खानापूर तालुका. भांडणाची केस होती. लावलं होतं ३०७ (खुनाचा प्रयत्न), सजा झाली ३२६ (हत्यारानं गंभीर दुखापत) खाली, चार वर्षं आणि दंड. कच्च्या कैदेतले दिवस वजा होऊन सजा भरत आली आहे. अपील केलेलं नाही.

घरचे हातपाय हलवतायत, पण एक कागद हातात घेतला की त्याच्या आधी दुसराच लागतो, अशी गत. म्हणून सगळं एकदम मांडतो.

फोन नंबर कधीच बंद पडला. आधार आणि बँक दोन्ही त्यालाच जोडलेले. आत जायच्या आधी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत फेटलिंगला (ओतीव मालावरचा जादा धातू घासून काढायला) होता, नंतर छोटा टेम्पो चालवायचा. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत संपून दोन वर्षं होत आली. तो आत असताना वडील वारले आणि भावांनी वारसा लावून घेतला म्हणतात. त्यात याचं नाव आहे की नाही, कुणी नीट सांगत नाही. सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड कोर्टात मारामारीची एक जुनी केस आहे, तिच्या तारखा बुडाल्या. जेलमध्ये टीबीचं औषध चालू झालंय, तीन महिने झाले. आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "आता दर आठवड्याला स्टेशनात सहीला जावं लागणार."

क्रम सांगा. कुठलं काम तो आत असतानाच करायचं, कुठलं बाहेर आल्यावर, कुणाकडे जायचं. धीर द्यायला गावात पुष्कळ माणसं आहेत.


कोर्टआवार

चंदगडपासून सुरुवात करा, आणि तो आत असतानाच. बाकी सगळं दोन आठवडे मागे पडलं तरी चालेल, हे नाही चालणार.

तारखेला हजर नाही म्हणून तिथल्या कोर्टानं बहुतेक अजामीनपात्र वॉरंट काढलेलं असणार. वॉरंट आपोआप संपत नाही. बजावणी होईपर्यंत किंवा कोर्टच रद्द करेपर्यंत ते जिवंत असतं. आरोपी दुसऱ्या राज्याच्या जेलमध्ये बसलाय हे चंदगडच्या फाइलला कोण सांगणार? मग दोनातलं एक होतं. सुटायच्या दिवशी प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे कैद्याला आमच्या कोर्टात आणा असा हुकूम (आत त्याला बॉडी वॉरंट म्हणतात), येऊन पडलेलं असतं, घरचे गेटवर उभे आणि माणूस पोलिसांच्या गाडीतून चंदगडला. नाहीतर तो घरी येतो, कामाला लागतो, आणि दोन महिन्यांनी शिनोळीच्या नाक्यावर गाडी अडवली की उचलला जातो. हे दुसरं जास्त वाईट, कारण लागलेलं कामही जातं.

ई-कोर्ट्सच्या साइटवर महाराष्ट्र, कोल्हापूर, चंदगड असं निवडून पक्षकाराच्या नावानं शोधा. वर्ष टाकावं लागतं. प्रलंबित आणि निकाली दोन्ही याद्या बघा. बेळगावच्या पानावर तिकडची केस दिसत नाही. नावाचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हेनं घालून बघा. एकाच माणसाचं नाव महाराष्ट्रात नाव, वडील, आडनाव असं पडतं आणि इकडं कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनाव गळतं किंवा गावाचं नावच आडनाव होऊन बसतं. केस सापडली की तिचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा, पुढं प्रत्येक ठिकाणी तोच लागतो. त्याच बैठकीत बेळगाव, खानापूर आणि तो जिथं जिथं कामाला राहिला तिथली कोर्टंही बघून घ्या. आणखी एखादी केस निघाली तर ती आत्ताच निघालेली बरी.

मग जेल अधीक्षकांमार्फत चंदगड कोर्टाला अर्ज: अमुक तारखेपासून मी हिंडलग्यात आहे, म्हणून गैरहजर होतो, मला हजर करून घ्या, वॉरंट रद्द करा. सोबत जेलचं कस्टडी सर्टिफिकेट. कोर्ट व्हिडिओवर हजर करून घेतं किंवा प्रॉडक्शन वॉरंट पाठवतं. याचा दुसरा फायदा लोकांना माहीत नसतो. नुसतं हिंडलग्यात असणं चंदगडच्या केसमध्ये मोजलं जात नाही. त्या केसमध्ये त्याला रीतसर ताब्यात घेतल्याची नोंद झाली की तिथून पुढचे दिवस त्याही केसच्या सजेतून वजा मागता येतात.

वकिलाचे पैसे नसतील तर नको तेवढं कर्ज काढू नका. जो कोठडीत आहे त्याला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. जेलमधल्या कायदा सहाय्य केंद्रात अर्ज द्यायचा, नाहीतर बाहेरून १५१०० वर फोन. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

एक मोह टाळा. "गुन्हा कबूल कर, भोगलेल्यात मिटवून टाकू" असं सुचवणारे भेटतील. ३२३ (साधी मारहाण) सारखं किरकोळ कलम असेल तर फिर्यादीशी तडजोड करून केस मिटते, लोकअदालतीतही मिटते. कबुली दिली की ती दुसरी सजा म्हणून अंगाला चिकटते आणि पोलिसांच्या वहीत एकाऐवजी दोन ओळी होतात.

दंडाचं विचारून घ्या. भरला नसेल तर त्याच्या बदल्यातली कैद मूळ सजेनंतर सुरू होते आणि "पुढच्या महिन्यात" म्हणता म्हणता सुटका लांबते. थोडा भरला तर तेवढ्या प्रमाणात कैद कमी होते. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे; सुरुवातीच्या नियमांत दंडासाठी २५,००० पर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० पर्यंत मदत ठेवली होती. अर्ज जेलमधूनच जिल्हा समितीकडे जातो, म्हणून सुटायच्या आदल्या आठवड्यात विचारून उपयोग नाही.

गेटवरून निघताना पाच गोष्टी हातात हव्यात. सुटकेचा दाखला. निकालाची प्रत (सजा झालेल्याला ती फुकट मिळायची असते, हरवली असेल तर कोर्टात नकलेचा अर्ज). मजुरीचा आणि पीपीसीचा, म्हणजे त्याच्या नावावर जमा असलेल्या खासगी पैशांचा हिशेब. दवाखान्याचे कागद. आत काही शिकला असेल तर त्याचं सर्टिफिकेट. जमा केलेल्या सामानाच्या यादीवर सही करण्याआधी पाकीट उघडून बघायचं. जुनं लायसन्स आणि पॅन बहुतेक त्यातच असतं. एकदा बाहेर पडल्यावर एकेका दाखल्यासाठी परत हिंडलगा गाठणं म्हणजे दिवसाचा रोजगार बुडाला.


ग्रामवन_काउंटर

कोर्टाचं वर आलंच. काउंटरवर अशी माणसं उलट्या क्रमानं येतात. आधी रेशन, मग बँक, मग आधार, आणि प्रत्येक ठिकाणी ओटीपीपाशी अडकून परत जातात. क्रम असा ठेवा.

आधी सिम. नंबर ९० दिवस वापरला नाही की कंपनी बंद करू शकते आणि पुढं तोच नंबर दुसऱ्याला देते. म्हणजे आज त्याच्या जुन्या नंबरवर एखादा अनोळखी माणूस आहे आणि त्याच्या बँकेचे ओटीपी त्या माणसाकडे जातायत. नवं सिम त्याच्याच नावानं काढा. भावाच्या किंवा बायकोच्या नावाचं घेतलंत तर वर्षभरात हेच त्रांगडं परत उभं राहतं. भट्टीत, ग्राइंडरवर काम केलेल्यांचे बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन घेत नाही; तेव्हा दुकानदाराला फोटोवालं केवायसी करायला सांगा, त्याला ते येतं, फक्त कंटाळा असतो.

दुसरं, आधार केंद्रावर जाऊन आधारला नवा नंबर. त्याच वेळी ठसे आणि फोटोही नवे करून घ्या. पत्ता डोळ्यांनी वाचा. आत असताना आधार काढलेलं किंवा बदललेलं असेल तर पत्त्याच्या ओळीत कारागृह नाही ना, हे बघायचं. तसा असेल तर रेशन कार्ड किंवा मतदार कार्ड दाखवून तिथंच बदला. तो पत्ता घेऊन खोली भाड्यानं मागायला गेलात तर मालक पुढचं वाचतच नाही.

तिसरं, बँक. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. आधार, पॅन, फोटो घेऊन शाखेत केवायसी दिलं की चालू होतं, आणि चालू करण्याची फी घ्यायची नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. किमान शिल्लक नाही म्हणून दंडही अशा खात्याला लावता येत नाही. काउंटरवर मागितले तर शांतपणे लेखी मागा. नवा नंबर जोडायचा फॉर्म त्याच भेटीत भरा आणि जुन्या नंबरवरचं यूपीआय बंद करायला सांगा.

जेलमध्ये मजुरीसाठी वेगळं खातं उघडलेलं असतं. दोन खाती झाली की सरकारी पैसे कुठं येतील? ज्या खात्याला आधार शेवटी सीड झालंय, म्हणजे जोडलंय, तिथं. लोक जुन्या पासबुकावर वाट बघत बसतात आणि पैसे दुसरीकडे पडून असतात. कुठलं एक ठेवायचं ते ठरवून बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म द्या, आणि जेलवालं खातं ठेवणार असाल तर शाखा खानापूरला बदलून घ्या.

पॅन आधारला जोडलेलं नसेल तर बंद पडलेलं असतं, जोडायला १,००० रुपये. कामावर लागेपर्यंत थांबलं तरी चालतं.

रेशनला घरच्या कार्डावर नाव असेल तर दुकानात जाऊन अंगठा देऊन केवायसी करा. बाकीच्यांचं झालंय आणि याचंच राहिलंय असं निघतं. नाव काढलेलं असेल तर नव्यानं घालायला वेळ लागतो, कारण नाव वाढवायची खिडकी इथं बारमाही उघडी नसते.

मतदार यादीतही बघा. आत असताना मत देता येत नाही, बाहेर आल्यावर हक्क जसाच्या तसा. यादीतून नाव उडालं असेल तर फॉर्म ६.

नावातल्या फरकाचं कोर्टआवार यांनी लिहिलंय ते इथंही नडतं. निकालपत्रात एक, आधारवर दुसरं, दहावीच्या दाखल्यावर तिसरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं ॲफिडेव्हिट नोटरीकडून करून चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा.


उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

कामाबद्दल. टीबीचं औषध चालू असताना फेटलिंगला परत पाठवू नका, नॉकआउटलाही (साचा फोडून माल काढायला) नको. ग्राइंडिंगला जी धूळ उडते तिच्यात साच्याची वाळू असते, सिलिका. तिनं फुप्फुस आधीच झिजलेलं असतं, त्यात टीबी म्हणजे दोन्ही एकमेकाला धरून वाढतात. पैसे तिथंच लवकर मिळतात, कारण किलोवर रेट असतो आणि माणसं टिकत नाहीत म्हणून कंत्राटदार कुणालाही घेतो. पहिला फोन तिथलाच येणार, हे धरून चाला.

मशीन शॉपमध्ये हेल्पर, डिस्पॅचमध्ये लोडिंग, नाहीतर स्टोअर. मच्छे, होनगा, उद्यमबाग तिन्हीकडे हेल्पर कंत्राटदारामार्फतच भरतात. आधार, पासबुक, फोटो लागतात. जुना पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) असेल तर तोच द्या. मुनशी घाईत नवा काढतो आणि मग जुना पैसा वेगळ्या नंबरावर अडकून बसतो.

टेम्पोचं ऐका. लायसन्सवर दोन तारखा असतात, नॉन-ट्रान्सपोर्ट वेगळी आणि ट्रान्सपोर्ट वेगळी. ट्रान्सपोर्टची संपून एक वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, परत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते, डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. पण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की हलक्या मोटारीचं साधं लायसन्स असलेला माणूस मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो. म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्टची तारीख जिवंत असेल तर छोट्या टेम्पोला आडकाठी नाही. आधी कार्ड उलटून बघा, मग एजंटाला पैसे द्या.

राहिला प्रश्न सांगायचं की नाही. माझं मत, सांगायचं. पण कंत्राटदाराच्या मुनशीला नाही, सुपरवायझरला किंवा मालकाला, आणि कामावर घेण्याआधी. इथली युनिटं छोटी, अर्धी माणसं आसपासच्या गावांची, आठवड्यात सगळ्यांना कळतं. मालकाला दुसऱ्याकडून कळलं की तो विचार करतो हा आणखी काय लपवतोय. निकालाची प्रत जवळ असेल तर "भांडणाची केस, चोरीची नाही" एवढं दाखवता येतं, आणि स्टोअर-डिस्पॅचला तोच फरक बघतात.


कागदी_वाघ

वरच्या शेवटच्या मुद्द्याला माझा अर्धाच होकार. छोट्या युनिटला ठीक. मोठ्या कंपनीत, गोव्याच्या हॉटेलात किंवा सिक्युरिटी एजन्सीत आपणहून तोंडी सांगितलं तर मुलाखत तिथंच संपते. विचारलं तर खरं, नाही विचारलं तर कामाचं बोलायचं. मात्र लेखी फॉर्ममध्ये "गुन्हा, अटक, सजा" असा रकाना असेल तर कोरा सोडायचा नाही आणि खोटं तर अजिबात लिहायचं नाही. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत माहिती लपवली म्हणून काढून टाकता येतं, मूळ गुन्हा कसा का असेना. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल त्यावरच आहे. निर्दोष सुटलेल्यांनीही हे वाचावं. सुटलो म्हणजे रकाना रिकामा, असं नसतं.


मलप्रभाकाठ

बरंच हाताशी आलं. तीन शंका. चंदगडला जामीन मागितला तर आमच्याकडे महाराष्ट्रातला सातबारावाला कुणी नाही, सगळ्या जमिनी इकडच्या. दुसरं, स्टेशनातल्या सहीचं खरं काय? आणि त्याला वर्षभरानं आखातात जायचंय, पासपोर्ट मिळेल का?


कोर्टआवार

जामीनदार बाहेरच्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा आहे एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या केसमध्ये सांगितलंय. तिथंही जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती म्हणून अडवलं होतं. व्यवहारात क्लार्क सातबारा मागतो आणि कन्नड उतारा बघून फाइल बाजूला सरकवतो. म्हणून तयारीनं जा: उताऱ्याचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर, पंचायतीच्या घरपट्टीची पावती, जामीनदाराचं आधार, आणि इथल्या तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. एवढ्यावरही नाही म्हणाले तर रोख रक्कम भरून जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं असंही म्हटलंय की जामीन मंजूर होऊन महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करता येईल का ते बघावं.

जामीन मिळाल्यावर आदेशातली अट शब्द न् शब्द वाचा. "परवानगीशिवाय राज्य सोडू नये" असं आपल्या भागात लिहिलं की अनर्थ होतो. शिनोळी, हलकर्णी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं. रोज कामाला सीमा ओलांडायची असेल तर कामाच्या ठिकाणाचा पत्ता देऊन अट बदलून घ्या.

स्टेशनचं. पूर्ण सजा भोगून सुटलेल्याला आठवड्याच्या सहीचं बंधन आपोआप लागत नाही. हजेरी ही जामिनाची, पॅरोलची किंवा मुदतपूर्व सुटकेची अट असते. चंदगडच्या जामिनात तशी अट घातली तर ती पाळायची, एरवी कुणी बोलावलं तर लेखी मागायचं. याचा अर्थ बीटच्या पोलिसाशी वाकड्यात शिरायचं असा नाही. आल्याबरोबर एकदा, गावातल्या एखाद्या वजनदार माणसाला बरोबर घेऊन, राहण्याचा पत्ता आणि फोन देऊन आलेलं चांगलं. पोलिसाला माणूस कुठं आहे ते माहीत असलं की रात्रीच्या चकरा कमी होतात.

गणपती, निवडणुका, १ नोव्हेंबर (राज्योत्सव, आपल्याकडचा काळा दिवस) यांच्या आधी, शांतता राखीन आणि नीट वागेन अशा बाँडची नोटीस येऊ शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेची जुनी कलमं १०७ आणि ११०, आता नव्या संहितेत १२६ आणि १२९. १०७ चा बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा, ११० चा तीन वर्षांपर्यंत. नोटिशीत काय माहिती मिळाली, किती रकमेचा बाँड, किती मुदत, हे सगळं लिहिलेलं असलंच पाहिजे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही. कन्नड वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचं, आणि "भाषा समजत नाही, वाचून सांगितलं" असं सहीखाली मराठीत लिहायचं. तारखेला गैरहजर राहिलं की तिथूनच नवं वॉरंट.

राऊडी शीट (पोलिसांनी गुंड म्हणून ठेवलेली नोंद) उघडलंय का हेही हळूच विचारून ठेवा. उघडलेलं असेल तर एक-दोन वर्षं काही कुरबूर न होता गेली की बंद करण्याचा अर्ज करता येतो. खानापुरात जिल्ह्याच्या एसपींकडे, बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडे. कामाचं पत्र, पीएफची पावती, पंचायतीचा दाखला जोडा. ऐकलंच नाही तर धारवाडला हायकोर्टाचं पीठ आहे.

पासपोर्टला दोन अडथळे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची सजा झाली असेल तर सजेपासून पाच वर्षांपर्यंत नाकारता येतो. ३२६ त्यात बसतं की नाही यावर वाद घालता येतो, केसच्या तपशिलावर आहे. पण चंदगडची केस चालू असेपर्यंत तो वाद निघायच्या आधीच अडेल. प्रलंबित केस असताना कोर्टाची परवानगी आणावी लागते, आणि परवानगीत मुदत लिहिलेली नसली की पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. तेव्हा परत चंदगड.


बांधावरचा

जमिनीचं. सजा झाली म्हणून वारसाहक्क जात नाही. ज्याच्याकडून वारसा मिळायचा त्याचाच खून केला असेल तरच जातो. भावांनी याचं नाव गाळून वारसा लावला असेल तर त्यानं हक्क बुडाला नाही, फक्त कागद चुकलाय. पण चुकलेल्या कागदावर विक्री झाली की मग सिव्हिल कोर्टाची वर्षं मोजायची.

घरच्यांशी बोलण्याआधी कागद बघा. 'भूमी' या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या साइटवर सर्व्हे नंबर घालून उतारा निघतो. चालू वर्षाचा आणि वडील हयात होते त्या वर्षाचा, दोन्ही काढा आणि मालकाचा रकाना शेजारी शेजारी धरून वाचा. नाव बदललेलं दिसलं तर कुठल्या म्यूटेशननं (फेरफारानं) बदललं त्याचा नंबर त्याच उताऱ्यावर असतो. त्या नंबरानं तहसील कचेरीतून म्यूटेशनची नक्कल मागा, सोबत जोडलेल्या वंशावळीसकट. खरी गोम वंशावळीत असते: तीन मुलगे असताना दोनच लिहिलेत, की तिघे लिहून एकाची "हरकत नाही" अशी सही जोडलीय? तो जेलमध्ये असताना गावात सही केल्याचं दिसत असेल तर जेलचा कस्टडी दाखला हाच पुरावा.

म्यूटेशन अजून मंजूर झालेलं नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. केस वादग्रस्त म्हणून तहसीलदारापुढं जाते. मंजूर झालं असेल तर प्रांतांकडे अपील. उशीर का झाला ते त्याच कस्टडी दाखल्यानं दाखवा. बहिणींची नावं आहेत का तेही बघा. त्यांचीही गाळलेली असली तर सगळ्यांनी मिळून अपील केलेलं वजनदार ठरतं.

आणि सोसायटी. वडिलांच्या किंवा याच्या नावावर पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती पतसोसायटीचं, पीककर्ज असेल तर वेळेत न भरल्यानं शून्य व्याजाची सवलत गेलेली असते. आकडा आधी सचिवाकडून लेखी घ्या. उताऱ्यावर बोजा तसाच दिसत असतो, तो उतरल्याशिवाय वाटणीचं बोलणं पुढं सरकत नाही.


पीएचसी_खिडकी

टीबीचं सगळ्यात शेवटी आलं, पण यालाच सगळ्यात कमी सवड आहे. साधा टीबी असेल तर कोर्स सहा महिन्यांचा, म्हणजे तो बरोबर मधोमध सुटतोय. पहिल्या दोन महिन्यांत ताप-खोकला जातो, वजन वाढतं, आणि बाहेर आल्याच्या धांदलीत गोळ्या सुटतात त्या इथंच. अर्धवट सोडलं की औषधाला न जुमानणारा टीबी होतो आणि त्याचा उपचार लांब, जड आणि त्रासाचा.

सुटायच्या आठवडाभर आधी जेलच्या डॉक्टरांना सांगून निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ट्रान्सफर करून घ्या. निक्षय आयडी चिठ्ठीवर लिहून आणा. नुसतं "गोळ्या चालू होत्या" म्हटलं तर इथं पहिल्यापासून तपासण्या सुरू होतात. मधले दिवस कोरडे जाऊ नयेत म्हणून गेटवर निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या हातात हव्यात, आणि गोळ्या संपायच्या आत केंद्रात पाऊल पडायला हवं.

औषध चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये पोषणाचे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून हा दर आहे, आधी ५०० होते. ते आधार सीड असलेल्या खात्यातच येतात, तेव्हा ग्रामवन_काउंटर यांनी लिहिलेलं बँकेचं काम आधी उरका. घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसं तपासून घ्या, तेही फुकटच होतं.

दारूचं स्पष्ट लिहितो, कारण सुटल्याच्या रात्री पार्टी होतेच. या गोळ्या लिव्हरवर जातात. डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेली, उलट्या, यातलं काही दिसलं तर गोळ्या घेऊन तसंच केंद्रात यायचं, तिथं ठरवतील. मनानं बंद करायच्या नाहीत. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, ती यातल्याच रिफाम्पिसिन या औषधाची खूण आहे. आणि चार वर्षं ज्याला थेंब मिळाला नाही त्याचं अंग पूर्वीचं माप सोसत नाही. दारूला हे लागू, आणि झोपेच्या किंवा नशेच्या गोळ्यांना त्याहून जास्त. पूर्वी पचत होतं तेवढंच घेऊन बेशुद्ध पडलेली माणसं पहिल्या पंधरवड्यातच येतात. अशा वेळी पाणी पाजायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

झोप न लागणं, दार बंद असलं की घाबरणं, चारचौघांत न बसणं, हे पहिले काही आठवडे होतं. महिन्यानंतरही तसंच असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर टेली-मानस १४४१६, मोफत, रात्रीही लागतो. बेळगावात बिम्सला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं जाताना जेलच्या दवाखान्याचे कागद न्या. आत झोपेची गोळी चालू होती की नाही, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.